सगळी हत्यारं असलेल्या हौशी सुताराला भेट काय द्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पुण्याच्या फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत सुतारकाम चालतं. गावाकडच्या सवयीनं आम्ही तिला सुतारमेट म्हणतो. नवरा पाच दिवस कंपनीत ड्रॉइंगं तपासतो आणि शनिवार-रविवार लाकूड तासतो. त्याचा वाढदिवस किंवा राखी जवळ आली की माझ्या फोनवर ठरलेले प्रश्न येतात. कधी नणंदेचे, कधी पुतण्याचे, कधी त्याच्या मित्रांच्या बायकांचे, कारण त्यांच्याही घरात असा एकेक प्राणी आहे. दर वेळी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून काढलं.

त्याच्याकडे सगळंच आहे. मग द्यायचं तरी काय?

सगळं म्हणजे हत्यारं. रंधे, पटाश्या, करवती, राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र), ड्रिल, शेगडा (लाकूड पकडून ठेवायचा व्हाइस) हे सगळं असतं, कबूल. पण लाकूड संपतं, पॉलिश संपतं, पॉलिश पेपर तर बघता बघता संपतो. धार जाते. पावसाळ्यात लोखंडाला गंज चढतो. आणि मोकळा वेळ मुळातच नसतो. या सहांपैकी कशालाही उपयोगी पडेल असं काही द्या, ते वापरलं जाईल. हत्यार दिलंत तर ते बहुधा खोक्यातच राहील, कारण त्याच्या डोक्यात नेमकं मॉडेल ठरलेलं असतं आणि तुम्ही आणलेलं ते नसतं.

मग हत्यार द्यायचंच नाही का?

मी दिलंय, म्हणून सांगते. लग्नानंतरच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी बारा पटाश्यांचा सेट ऑनलाइन मागवला. लाकडी पेटी, आत मखमल, काय थाट! त्यानं तोंडभरून कौतुक केलं आणि रविवारी त्यातली एक पटाशी बाभळीवर चालवली. दोन ठोक्यांत धार दुमडली. पोलादाला पाणी नीट पाजलेलंच नव्हतं. त्या पटाश्या आता रंगाचे डबे उघडायला आणि कुंडीतली माती उकरायला वापरतो. पेटी मात्र छान आहे, तिच्यात माझे दोरे असतात.

द्यायचंच असेल तर मापाचं हत्यार द्या. सहा इंची स्टीलची पट्टी, काटकोन तपासायचा छोटा गुण्या, फळीच्या कडेला समांतर रेघ ओढायची चांगली खतावणी. ही एकाहून जास्त असली तरी अडचण होत नाही, उलट हाताशी दोन असल्या की काम भरभर होतं. पट्टी घेताना तिच्यावर एका बाजूला मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला इंच आहेत ना, ते बघा. नवरा कागदावर मिलिमीटरमध्ये आखतो, पण वखारीत गेला की फूट, इंच आणि सूत. आठ सूत म्हणजे एक इंच, हा हिशोब तिथं अजून चालतो.

क्लॅम्पही चालतात. चार फुटी टेबलाचा माथा जोडायचा तर दर आठ-दहा इंचांवर एक, तोही आलटून पालटून वरून आणि खालून लावावा लागतो. म्हणजे एका माथ्यालाच पाच-सहा अडकले, आणि सरस वाळेपर्यंत दुसरं काम बंद. मात्र त्याच्याकडे ज्या लांबीचे आहेत त्याच लांबीचे आणा, म्हणजे जोडीनं वापरता येतात.

धारदार वस्तू भेट देऊ नये म्हणतात. खरं का?

नातं तुटतं म्हणतात. आमच्याकडे त्यावर उपाय आहे: घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हातावर एक रुपया ठेवायचा, म्हणजे ती विकत घेतली असं होतं. माझ्या सासूबाई अजून आठवणीनं रुपया मागून घेतात.

त्याला न विचारता काय हवंय ते कसं कळणार?

तो घरी नसताना त्याच्या टेबलाचे चार फोटो काढा. हत्यारांच्या भिंतीचे नकोत, कोपऱ्यातल्या बाटल्यांचे आणि डब्यांचे काढा. कुठली बाटली तळाला लागलीय, कुठल्या नंबरचे पेपर घासून गुळगुळीत झालेत, फेविकॉलच्या डब्यावर काय लिहिलंय. मग फोटो घेऊन पुण्याच्या बोहरी आळीतल्या दुकानात जा आणि “हेच द्या” म्हणा. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीट. दुकानदाराला फोटो दाखवला की तो मधले सगळे प्रश्न गाळतो.

आणखी एक गोष्ट ऐकत राहा. काम करताना तो कशावर वैतागतो? “हा दिवा नेमका माझ्या हाताच्या सावलीत येतो” हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलं. मग हलवता येणारा, मान वळणारा दिवा आणला. त्या वर्षी दुसरं काही द्यावं लागलं नाही.

संपणाऱ्या वस्तू भेट म्हणून शोभतात का? पॉलिश पेपर कोण गिफ्ट देतं?

मी देते. 80, 120, 180, 240, 320 अशा नंबरांचे दहा-दहा कागद, रिबिनीनं बांधून. हौशी माणूस पेपर नेहमी काटकसरीनं वापरतो, झिजलेल्या कागदानं अर्धा तास घासत बसतो. गठ्ठा मिळाला की हात सैल होतो, आणि कामही सुधारतं.

याहून देखणी भेट हवी असेल तर चपडा लाख द्या. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे वाढतात, त्यांच्यापासून ही मिळते. झारखंडात सगळ्यात जास्त होते. मधाच्या रंगाचे पातळ पापुद्रे असतात. काचेच्या बरणीत भरून दिले तर खडीसाखरेसारखे दिसतात. स्पिरिटमध्ये विरघळवले की झालं फ्रेंच पॉलिश. घेताना सुकी लाख घ्या, तयार बाटली नको. विरघळवलेली लाख सहा महिन्यांनंतर बिघडायला लागते, आणि जुनं पॉलिश लावलं की पृष्ठभाग चिकट राहतो, वाळतच नाही. सुकी लाख थंड, कोरड्या जागी बराच काळ टिकते.

जवसाचं तेल, मधमाश्यांचं मेण, पितळी स्क्रू हेही उत्तम. तेलाबरोबर एक झाकणाचा पत्र्याचा डबाही द्या. जवसाचं तेल हवेशी संयोग पावून वाळतं आणि त्यात उष्णता निघते. तेलानं भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी एकतर उघडी पसरून वाळवायची किंवा पाणी घातलेल्या डब्यात टाकायची. आमच्या गॅलरीत कपडे वाळत असतात, त्यामुळे हा नियम मीच लावलाय.

लाकूड भेट द्यावं म्हणते. कुठलं आणि किती?

मनापासून सांगते, याहून चांगली भेट नाही. तो स्वतःसाठी वखारीत जातो तेव्हा कामापुरतं आणि खिशाला परवडेल तेच घेतो. सुंदर रेषांची एखादी फळी तो हातात धरतो, उलटी-सुलटी करतो, आणि परत ठेवून देतो. ती परत ठेवलेली फळी तुम्ही आणायची.

पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहे. लाकूड घनफुटानं विकतात. सहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. भेटीला एवढी एक फळी पुरते, त्यातून एक चांगली पेटी होते.

सागवान प्रत्येकाला आवडतं. आपल्याकडचं नाव असलेलं सागवान आलापल्ली-बल्लारपूर भागातलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली बल्लारपूरहूनच सागवान गेलं. पण हौशी माणसानं सागवानावर पुष्कळ काम केलेलं असतं, म्हणून मी वेगळं काहीतरी शोधते. शिवणाचं लाकूड हलकं, फिकट रंगाचं आणि हाताखाली मऊ असतं, कोरीवकामाला गोड. फणसाचं लाकूड कापल्यावर हळदीसारखं पिवळं दिसतं आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचा रंग मधासारखा गडद होतो. बिबला लाल-तपकिरी असतो. त्याचा ढलपा पाण्यात टाका आणि पेला उन्हात धरा, पाण्यावर निळसर झाक दिसते. आमच्या पुतण्यानं हा प्रयोग शाळेत करून दाखवला तेव्हा बाईंनी ढलपा ठेवून घेतला.

लाकूड वाळलेलं हवं, ही एकच अट. ओलं लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही; म्हणूनच फळ्या वाकतात आणि सांधे सुटतात. जुना ठोकताळा असा की उघड्यावर वाळायला दर इंच जाडीमागे साधारण एक वर्ष लागतं. वखारवाला “वाळलेलं आहे” म्हणतोच. दोन सुयांचा ओलावामापक टोचून बघा, आकडा बारा टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असेल तर घ्या. पावसाळ्यात आकडा चढतो, तेव्हा खरेदी हिवाळा-उन्हाळ्यात केलेली बरी. हा मापक लाकडाबरोबर त्यालाच देऊन टाका, म्हणजे एकात दोन भेटी.

जुन्या वाड्याचं लाकूड मिळतंय. ते चालेल का?

चालेल काय, धावेल. शंभर वर्षं वाळलेलं सागवान, आणखी काय हवं!

आमच्या आत्यासासूबाईंचा वाडा पाडला तेव्हा त्यांनी एक वासा राखून ठेवला आणि नवऱ्याच्या पन्नाशीला रिक्षात घालून पाठवला. चार फूट लांब, काळाकुट्ट, चुलीच्या धुरानं चिकट झालेला, वर चुन्याचे ओघळ. मला वाटलं जळणाला पाठवलंय. त्यानं आधी ब्रशनं घासून घेतला, मग रंधा लावला. पहिल्या हाताला काळी, दुसऱ्या हाताला तपकिरी आणि तिसऱ्या हाताला सोनेरी साल निघाली, कुरळी, पोह्याच्या पापडासारखी पातळ. गॅलरीभर चामड्यासारखा, जरा तेलकट वास. शंभर वर्षांनंतरही सागवानात तेल असतं हे मी त्या दिवशी नाकानं शिकले. मध्येच एक चौकोनी भोक होतं, लोहारानं घडवलेल्या खिळ्याचं. ते त्यानं बुजवलं नाही. त्या वाशाचं देव्हाऱ्यासमोर ठेवायचं पाटासारखं आसन झालं आणि भोक बरोबर मधोमध आहे. आत्या आल्या की तिथं बोट घालून बघतात.

जुन्या लाकडाबरोबर एक मोठा, जोरदार लोहचुंबक जरूर द्या. आत मोडलेले खिळे दडलेले असतात, आणि एक खिळा लागला की रंध्याचं पातं गेलं. लाकडावर जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगांमधल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं, आणि घासलेली धूळ घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचते.

भाऊ अमेरिकेत आहे. त्याला शिसवीची फळी पाठवू का?

नको. शिसवीची अख्खी प्रजात 2017 पासून सायटिस यादीत, म्हणजे ज्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे त्यांच्या यादीत आहे. कागदपत्रांशिवाय ती सीमेवर अडकते. शिवाय कुठल्याही कच्च्या लाकडाला किडीचे नियम लागतात. त्याला पितळी बिजागऱ्या, कड्या आणि कोयंडे पाठवा. वजनाला बरे, टिकाऊ, आणि आपल्याकडच्या जुन्या घाटाचे तिकडे सहज मिळत नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर वाड्यांच्या दारांचं पितळ चिकार दिसेल. बिजागऱ्या हातात पडल्या की त्यांच्यासाठी पेटी करायची खाज आपोआप सुटते.

धार लावायचं सामान देऊ का?

त्याच्याकडे दगड असतोच, पण बरेचदा एकच, आणि तोही मध्ये खड्डा पडलेला. 1000 आणि 6000 नंबरचा दुहेरी पाणदगड किंवा 400 आणि 1000 ची हिऱ्याची (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली) पट्टी दिली तर माणूस खूश होतो. पाणदगड मऊ असतो, धार लवकर चढते पण तो झिजतोही लवकर आणि सपाट करत राहावा लागतो. हिऱ्याची पट्टी सपाट राहते. जागा कमी आणि नळ लांब असेल तर पट्टी घ्या.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आवडलेली भेट मात्र माझ्या नणंदेची. ती कोल्हापूरला असते. चपला करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून तिनं जाड, झाडाच्या सालीनं कमावलेल्या चामड्याचा हातभर तुकडा आणला. नवऱ्यानं तो फळीवर चिकटवला, वर धार चकचकीत करणारं हिरवं क्रोमियम ऑक्साइड चोळलं. पटाशी आधी 25 अंशांत घासायची, टोकाला 30 अंश द्यायचे आणि शेवटी या चामड्यावर दहा-बारा वेळा ओढायची. धार आली की नाही हे तो डाव्या हाताचे केस तासून बघतो. त्या हातावर मनगटाच्या वर दोन इंचांचा टकला चौकोन कायमचा आहे. लग्नकार्यात फुलशर्ट घालायला लावते.

पाचशे रुपयांत काय येईल?

पेन्सिली. सुतारांची चपटी नव्हे, 0.9 मिलिमीटर शिशाची यांत्रिक आणि सोबत शिशाच्या दोन डब्या. पॉलिश पेपरचा गठ्ठा, पितळी स्क्रू. किंवा चांगल्या सुती कापडाच्या स्वच्छ धुतलेल्या चिंध्या. जुन्या धोतराच्या असतील तर पॉलिशला त्याहून उत्तम काही नाही, आणि त्यांना पैसेही पडत नाहीत.

मास्क वगैरे दिलं तर त्याला आवडेल का?

आवडणार नाही. तरी द्या. लाकडाची बारीक धूळ माणसात कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1995 सालीच जाहीर केलंय. तंबाखूच्या धुराचा जो गट, त्याच गटात ती आहे. नाकावर रुमाल बांधून भागत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, फिल्टर बदलता येणारा मास्क आणा, आणि फिल्टरची जास्तीची जोडीही. चष्मा असेल तर काचेवर वाफ धरत नाही ना, हे दुकानातच घालून बघायला लावा, नाहीतर मास्क खुंटीवर राहील.

कानांचंही तसंच. 85 डेसिबलच्या वर रोज आठ तास काढले की ऐकू येणं कमी व्हायला लागतं, आणि राउटर त्याच्या बराच वर ओरडतो. आमच्याकडे कानावरचे मफ आल्यापासून एक तोटा झालाय: जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही.

कोकणात राहतो. पावसाळ्यात सगळं गंजतं. त्यावर काही?

कॅनव्हासची गुंडाळी शिवून द्या. मी आमच्या शिंप्याकडून खाकी जाड कापडाची करून घेतली. 6, 12, 18 आणि 25 मिलिमीटरच्या पटाश्यांना एकेक कप्पा, वरून झाकायला पदर, बांधायला नाडी. मापं घेताना पटाश्या कागदावर ठेवून पेन्सिलीनं बाह्यरेषा काढली आणि दोन्ही बाजूंना अर्धा इंच सोडला. पात्याचं टोक टेकतं तिथं आतून चामड्याची पट्टी लावायला विसरले. पहिल्याच आठवड्यात तळ फाटला, मग लावली. सोबत शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि सिलिका जेलच्या पुड्या द्या.

वस्तू नको, कुठंतरी घेऊन जावं म्हणते.

फार छान. पुण्यातलेच असाल तर विश्रामबागवाडा. 1807 साली दुसऱ्या बाजीरावासाठी बांधलेला. रोज समोरून जातो पण मान वर करून कोणी बघत नाही. दर्शनी भागाचे सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब, त्यांच्यावरची केळफुलं, सज्जाखालचं कोरीवकाम. नवऱ्याला तिथं नेलं तर तो तासभर सांध्यांखालीच उभा होता. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे, आणि पुण्यातच केळकर संग्रहालयात कोरलेली दारं आणि अडकित्ते आहेत.

हात चालताना बघायचे असतील तर सावंतवाडीची चितार आळी, लाकडी खेळणी आणि फळांसाठी. किंवा मिरज: तिथं तानपुरे आणि सतारी होतात, भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातले आणि दांडीला तून लाकूड. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिरांना आधी फोन करून वेळ विचारा आणि हातात मिठाईचा पुडा असू द्या. गर्दीच्या वेळी जाऊन प्रश्न विचारत बसू नये.

आमच्या फर्निचरचं काम करणाऱ्या सुतारकाकांना काय द्यावं?

हा प्रश्न वेगळा, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. वास्तुशांतीला टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन त्यांचा मान करायची पद्धत आहे, ती मोडू नका. पण त्याशिवाय त्यांच्यासोबत अर्धा दिवस बसा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार बसतात. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि कमी व्याजाचं कर्ज आहे. फॉर्म, आधार, बँक हे सगळं मोबाइलवर करायचा त्यांना कंटाळा असतो, ते तुम्ही करून द्या. बँकेतच प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून द्या. वर्षाला 20 रुपये, दोन लाखांचं अपघाती संरक्षण. करवतीवर काम करणाऱ्या माणसाला शर्टपीसपेक्षा हे उपयोगी.

हत्यारावर त्याचं नाव कोरून देऊ का?

नको. हत्यार परत करता येत नाही आणि नाव त्याला माहीत आहे.

तुम्ही दिलेली सगळ्यात आवडलेली भेट कुठली?

चार पितळी बिजागऱ्या आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं: “स्वयंपाकघरातल्या फडताळाला दार हवं. पुढचे चार रविवार भाजी, बँक, पाहुणे सगळं माझ्याकडे.” तो चार रविवार गॅलरीतून बाहेर आला नाही. दार झालं, सागवानाची चौकट आणि मध्ये फणसाची फळी. पावसाळ्यात ते जरा फुगतं आणि खाली घासतं. रंधा मारून देतो म्हणून दोन वर्षं सांगतोय. पुढच्या वाढदिवसाला पाचवा रविवार द्यावा लागणार.